चमकीच्या कागदाला भाव नाही

नागपुरात प्रचाराचे पत्र टपालाने येते ते मुख्यतः पदवीधराच्या घरी. लोकसभा-विधानसभेचा मतदार गल्लीत राहतो, तिथे कार्यकर्ता पायी पोचतो. विधान परिषदेच्या नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघाचे गणित वेगळे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा सहा जिल्ह्यांत मतदार विखुरलेला. एका मोहल्ल्यात चार, पुढच्या गावात दोन. त्यांच्यासाठी दारोदार फिरणे परवडत नाही. मग मतदारयादीतले पत्ते काढायचे, लिफाफे छापायचे आणि पोस्टात टाकायचे. ज्या घरात आई, वडील, मुलगा आणि सून असे चौघे पदवीधर, तिथे एकाच उमेदवाराचे तेच विनंतीपत्र चार लिफाफ्यांतून येते. एक कोणीतरी उघडतो. उरलेली तीन चहाच्या कपाखालून थेट रद्दीच्या गठ्ठ्यात.

ही जागा साधीसुधी नाही. गंगाधरराव फडणवीसांनी ती भूषवली, १९८९ ते २०१४ नितीन गडकरींकडे होती, पुढे अनिल सोलेंकडे गेली आणि १ डिसेंबर २०२० च्या मतदानात काँग्रेसच्या अभिजित वंजारींनी ती भाजपकडून काढून घेतली. म्हणजे प्रतिष्ठा भरपूर, आणि प्रतिष्ठा जितकी जास्त तितका कागद जाड. त्यात गंमत अशी की ज्या निवडणुकीत टपालाचा सर्वांत जास्त वापर, तिथेच खर्चाला मर्यादा नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातले निवडणूक खर्चाचे प्रकरण फक्त लोकसभा आणि विधानसभेला लागू आहे. विधान परिषदेला नाही. लोकसभेचा उमेदवार ९५ लाखांच्या आत हिशेब बसवताना घाम पुसतो. पदवीधरांच्या उमेदवाराला लिफाफ्यांचा हिशेब विचारणारे कलमच त्या प्रकरणात नाही.

इतर देशांत हे टपाल सरकारच्या कृपेनेच चालते. ब्रिटनमध्ये संसदेच्या प्रत्येक उमेदवाराला मतदारांकडे एक पत्रक फुकट पाठवण्याचा हक्क आहे, खर्च सरकारी तिजोरीतून. अमेरिकेत प्रचाराच्या टपालाच्या थैल्यांना ‘टॅग ५७’ नावाचा लाल बिल्ला लावतात, म्हणजे टपाल खात्याच्या गर्दीत त्या नजरेआड होऊ नयेत. पात्र ठरलेल्या पक्षसमित्यांना धर्मादाय संस्थांच्या सवलतीच्या दरातही पाठवता येते. पत्र मतदारापर्यंत पोचावे याची एवढी काळजी. वाचून झालेल्या, किंवा न वाचलेल्या, त्याच पत्राचे पुढे काय करायचे याचा बिल्ला मात्र तिथेही नाही. ते काम नगरपालिकेचे, म्हणजे सगळ्यांचे, म्हणजे कोणाचेच नाही.

आपल्याकडे बहुसंख्य मतदारांना पोस्टमन नव्हे, पेपरवाला पोरगा प्रचार आणून देतो. पहाटे चौकात पेपरांचे गठ्ठे सुटतात आणि त्यांच्या घड्यांत हजारी भावाने पत्रके सरकवली जातात. शिवाय दारात टाकलेली, गाडीच्या वायपरखाली खोचलेली, मंदिराच्या पायऱ्यांवर वाटलेली. महापालिकेच्या निवडणुकीत तर कहर. नागपूर महापालिकेच्या १५१ जागा ३८ प्रभागांत वाटलेल्या. एक सोडून सगळे प्रभाग चार सदस्यांचे. मग पॅनेलचे एक सामायिक पत्रक, त्यातल्या चौघांचे चार वेगवेगळे, ‘कार्यअहवाल’ नावाची पुस्तिका वेगळी, आणि बंडखोराचे त्या सर्वांना उत्तर वेगळे. मतदानाच्या आदल्या दिवशी मतदार चिठ्ठी येते तीही पत्रकाच्या कुशीत.

आता इथे पर्यावरणाच्या नावाने गळा काढणे सोपे आहे, पण आधी वजन करून पाहू. ए-फोर आकाराचा १३० जीएसएमचा आर्ट पेपर आठ ग्रॅमच्या थोडा वर भरतो. २०२४ साली नागपूर लोकसभा मतदारसंघात सुमारे २२ लाख मतदार होते. घरटी चार मतदार धरले तर साडेपाच लाख घरे. प्रत्येक घरी एकेक पत्रक टाकले की साडेचार टन कागद. वीस उमेदवारांनी प्रत्येकी पाच पत्रके घरोघर पोचवली, जे कधीच होत नाही, तरी साडेचारशे टन. नागपूर शहर रोज हजार टनांहून जास्त कचरा काढते. म्हणजे अख्ख्या लोकसभा निवडणुकीचा अतिशयोक्त कागद हा शहराच्या अर्ध्या दिवसाच्या कचऱ्याइतकाही नाही. ज्याला भांडेवाडीच्या कचरा डेपोतला डोंगर कमी करायचा आहे त्याने ओला कचरा वेगळा करावा. पत्रकांच्या मागे लागून डोंगर हलणार नाही.

मग हा विषय का काढायचा? कारण वजनात जे दिसत नाही ते कागद हातात घेतल्यावर दिसते.

पत्रकाचा कोपरा धरून हळूच फाडा. साधा कागद फर्रकन फाटतो, कडेला तंतूंची लव दिसते. लॅमिनेशन केलेला कागद फाटत नाही, ताणतो. वरचा पारदर्शक पापुद्रा लांबत जातो आणि शेवटी कागद एकीकडे, प्लास्टिक दुसरीकडे लोंबते. रद्दीवाल्याला एवढी परीक्षा करावी लागत नाही. त्याचा अंगठा कागदावरून फिरला की कळते. पेपरची रद्दी वेगळी, कॉप्या-पुस्तके वेगळी, पुठ्ठा वेगळा, आणि ‘मिक्स’ म्हणून सर्वांत खालच्या भावाचा ढीग वेगळा. निवडणुकीच्या दिवसांत पेपरच्या गठ्ठ्यात घुसलेली पत्रके तो काट्यावर ठेवण्याआधी झटकून बाजूला काढतो. विचारले तर म्हणतो, “भाऊ, चमकीचा माल गिरणीत चालत नाही, याचा भाव नाही.” नागपूरच्या कोणत्याही रद्दीच्या दुकानात हे शास्त्र फुकट शिकायला मिळते, आणि ते अचूक आहे.

कागदाच्या गिरणीत रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात. कागद विरघळतो, शाई फेसावर तरंगवून काढता येते. आर्ट पेपरला गुळगुळीतपणा देणारा चुना-मातीचा लेप गाळात जातो, तो गाळ त्रासाचा असला तरी गिरणी निभावून नेते. प्लास्टिकचा पापुद्रा विरघळत नाही. तो जाळीत अडकतो, चिकटा होतो, शेवटी गिरणीच्या मागच्या ढिगात जातो आणि तिथून बहुधा भट्टीत. एकाच तंतूला कागद म्हणून पाच-सात जन्म मिळू शकतात. आपला मराठी कागद तर बराचसा घरचाच आहे. बल्लारपूरची गिरणी बांबू आणि लाकडापासून कागद करते, आणि उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला लोक ज्या भिगवणला जातात तिथेच कोटेड कागदाची मोठी गिरणी आहे. विदर्भातल्या बांबूच्या तंतूला सहा जन्म शिल्लक असताना पहिल्याच जन्मात त्याच्या अंगावर चमकी चढवून त्याला भांडेवाडीला पाठवायचे, हे उमेदवाराच्या फोटोतले दात पांढरे दिसावेत म्हणून.

फ्लेक्सची कथा याहून वाईट. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी चढवलेले पीव्हीसी. दोन्ही एकमेकांना इतके घट्ट धरतात की वेगळे करून पुन्हा वापरणे परवडत नाही, जाळले तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन. लोक म्हणतात, वाया कुठे जातो, झोपडीच्या छपरावर जातो, भाजीवाल्याच्या पालावर जातो, गोठ्यावर जातो. जातो खरा, आणि गरिबाच्या डोक्यावर दोन वर्षे हसरा चेहरा राहतो. पण नागपूरच्या उन्हात पीव्हीसी फार टिकत नाही. कडक होते, तडकते, भुगा होऊन नालीत उतरते. तो पुनर्वापर नाही, लांबवलेला निकाल आहे. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आली. परिणाम उलटा: जाड फ्लेक्स कायदेशीर झाला. केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये लोकसभा प्रचारातला फ्लेक्सच थांबवला होता आणि तिथे कापडाचे फलक परत आले. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निकाल दिला, पक्षांनी हमीपत्रे दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाला पक्षांना विचारावे लागले की त्या हमीपत्रांचे काय झाले. फ्लेक्सवर मी इथे जास्त लिहीत नाही. त्याचा एकच उपाय आहे आणि तो सर्वांना माहीत आहे.

कागदाचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा, म्हणून जास्त महत्त्वाचा. आपला कायदा प्रचाराच्या कागदाबाबत आश्चर्य वाटावे इतका काटेकोर आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-क सांगते की मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता दर्शनी भागावर नसलेले एकही निवडणूक पत्रक छापता येणार नाही. छापून घेणाऱ्याने ओळखीच्या दोन माणसांच्या साक्षीने सही केलेले घोषणापत्र द्यायचे. मुद्रकाने ते घोषणापत्र आणि छापील प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचवायची. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे चार प्रती, छपाईनंतर तीन दिवसांत, सोबत किती प्रती छापल्या आणि किती पैसे घेतले याचे विवरण. म्हणजे प्रत्येक पत्रकाचा जन्मदाखला सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयात जमा होतो. मृत्यूची नोंद कुठेच नाही. किती छापले हे सरकार विचारते ते पैशासाठी, त्याच आकड्यावरून किती कचरा होणार हे कोणी काढत नाही.

हे कलम मोडल्यास शिक्षा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दोन हजारांत आज चांगला फ्लेक्सही येत नाही.

आचारसंहितेतही हाच एकेरीपणा. निवडणूक जाहीर झाली की सरकारी मालमत्तेवरचे प्रचारसाहित्य २४ तासांत, सार्वजनिक जागेवरचे ४८ तासांत आणि खासगी मालमत्तेवरचे विनापरवाना साहित्य ७२ तासांत काढावे लागते. महापालिकेचे पथक शिडी घेऊन रात्रभर फिरते. हे घड्याळ समान संधीचे आहे, स्वच्छतेचे नाही. मतदान आटोपले की घड्याळ बंद. सीताबर्डीच्या दुकानदाराकडे बंदीची पिशवी सापडली तर महापालिकेचे उपद्रव शोध पथक पावती फाडते. त्याच दुकानासमोरच्या नालीत जिंकलेल्या उमेदवाराची पाचशे पत्रके पडलेली असली तर ती पावती कोणाच्या नावाने फाडायची? नाव तर पत्रकावरच छापलेले असते, कायद्यानेच, पत्त्यासकट. जगातला हा एकमेव कचरा असेल ज्यावर टाकणाऱ्याचा फोटो आणि फोन नंबर असतो.

माझा मुद्दा इथे आहे. प्रचारपत्रक हे उमेदवाराचे पहिले सार्वजनिक काम आहे. त्याच्या आत काय लिहिले आहे ते आश्वासन. पण पत्रक स्वतः म्हणजे केलेली कृती. ‘स्वच्छ प्रभाग, सुंदर प्रभाग’ हे वचन न कुजणाऱ्या आणि न विकल्या जाणाऱ्या कागदावर छापून देणारा माणूस पुढे पाच वर्षे घनकचऱ्याच्या निविदांवर मत देणार आहे. साडेचारशे टनांची किंमत नगण्य असेल, ही सवय नगण्य नाही: छापण्याचा फायदा माझा, उचलण्याचा खर्च तुमचा. आपल्याकडे प्लास्टिकच्या उत्पादकाला त्याच्या वेष्टनाची जबाबदारी नियमाने घ्यावी लागते. बिस्किटाच्या पुड्याला जो न्याय, तो आमदाराच्या पत्रकाला का नको?

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे कागदच बंद करा, सगळे मोबाइलवर आहे. हे उत्तर मला धोकादायक वाटते. मोबाइलवर येणाऱ्या मजकुरावर मुद्रकाचे नाव नसते. कोणी पाठवले, कोणी पैसे दिले, किती जणांना गेले, सगळे अंधारात. सकाळी आलेला मजकूर संध्याकाळी ‘सर्वांसाठी हटवला’. छापील पत्रक हटवता येत नाही. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत कोणी पाणीपट्टीबद्दल काय म्हटले होते, हे एखाद्या चिकट गृहस्थाच्या ट्रंकेत आजही सापडते आणि भर सभेत काढून दाखवता येते. कागद साक्षीदार असतो. शिवाय ज्या आजीला मुलाने फोन दिला पण डेटा दिला नाही, तिच्यासाठी उमेदवार म्हणजे अजूनही ते पत्रकच.

दुसरे उत्तर उदात्त आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वाशीमच्या कार्यक्रमात नितीन गडकरींनी जाहीर केले की पुढच्या लोकसभेला आपण बॅनर-पोस्टर लावणार नाही, चहापाणीही करणार नाही. ज्यांना मत द्यायचे ते देतील. टाळ्या पडल्या, पडायलाच हव्या होत्या. पुढे १९ एप्रिल २०२४ च्या मतदानात ते लाखाहून जास्त मतांनी जिंकलेही. पण तीन दशकांहून जास्त काळ राजकारणात असलेल्या आणि उड्डाणपुलांनी ओळखल्या जाणाऱ्या माणसाला पोस्टर सोडणे परवडते. मोमीनपुऱ्यातून किंवा पाचपावलीतून पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेला तिचे नाव सांगायला कागदाशिवाय काय आहे? कागदावर बंदी घातली की प्रसिद्ध माणूस आणखी प्रसिद्ध होतो. स्वस्त, एकरंगी, साधे पत्रक हे गरीब उमेदवाराचे हत्यार आहे. चमकी ही श्रीमंताची.

म्हणून बंदी नको, पण मग काय? सुचणारा पहिला उपाय म्हणजे प्रतीमागे शुल्क. घोषणापत्रात संख्या आहेच, त्यावर सफाईचा आकार लावा, तो महापालिकेला द्या. कागदावर हे छान दिसते. प्रत्यक्षात आजच एक लाख छापून पंचवीस हजार लिहिणे अवघड नाही, आणि शुल्क लावले की खोटे बोलण्याला नवे कारण मिळेल. पालिकेच्या तिजोरीत गेलेले पैसे रद्दी वेचणाऱ्या बाईपर्यंत पोचतील याचीही हमी नाही. मोजणीवर उभा राहिलेला नियम मोजणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर उभा असतो. इथे तो पाया कच्चा आहे.

त्यापेक्षा मालाचा नियम करावा. संख्या हवी तेवढी छापा, पण साध्या, लेप नसलेल्या कागदावर. लॅमिनेशन नाही, यूव्हीचा चकचकीत लेप नाही, सोनेरी वर्ख नाही, पाठीला गोंद नाही. हा नियम तपासायला हिशेबनीस लागत नाही, अंगठा लागतो. मुद्रकाने चार प्रती आणून दिल्या की जिल्हाधिकारी कार्यालयातला कारकून तिथल्या तिथे कोपरा फाडून पाहू शकतो. आणि अशा कागदाला रद्दीवाला भाव देतो, म्हणजे उचलण्याची यंत्रणा आपोआप उभी राहते. गल्लोगल्ली ती आधीच आहे, तिला फक्त विकता येणारा माल द्यायचा आहे.

कोणी म्हणेल, आयोगाने उमेदवाराचा कागद कोणता असावा हेही ठरवायचे का? आयोगाने ते कधीच ठरवले आहे. मतदान केंद्राबाहेर पक्षाचे कार्यकर्ते ज्या अनधिकृत ओळखचिठ्ठ्या देतात त्या साध्या पांढऱ्या कागदावरच असाव्यात, त्यावर उमेदवाराचे नाव, पक्ष किंवा चिन्ह नको, असा नियम आहे आणि तो बऱ्यापैकी पाळला जातो. तिथे हेतू निष्पक्षतेचा होता. कागदाचा प्रकार ठरवण्याचा अधिकार मात्र त्यातून मान्य झालेला आहे. प्लास्टिकमुक्त प्रचाराची विनंती तर आयोग १९९९ पासून करतो आहे. पाव शतक केलेली विनंती आता नियम व्हायला हरकत नसावी.

तक्रार येईल ती छापखान्यांकडून. निवडणूक हा त्यांचा सुगीचा काळ, आणि लॅमिनेशन-यूव्हीच्या कामात साध्या छपाईपेक्षा चार पैसे जास्त सुटतात. ही तक्रार खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. पण ते जास्तीचे पैसे प्रतींच्या संख्येतून भरून निघण्याचीच शक्यता जास्त, कारण स्वस्त पत्रक उमेदवार जास्त छापतो. मग कागद वाढेल, असा आक्षेप घेता येईल. वाढू दे. विकला जाणारा दोन टन कागद न विकल्या जाणाऱ्या एका टनापेक्षा शहराला हलका पडतो.

पदवीधरांच्या टपालाचा प्रश्न त्याहून सोपा. तिथे खर्चाची मर्यादा नसली तरी कलम १२७-क लागू आहेच, आणि यादीत घराचा पत्ता असल्याने एका घरी एकच लिफाफा पाठवणे ही संगणकावरची दहा मिनिटांची गाळणी आहे. वंजारींची सहा वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते आहे. विभागीय आयुक्त हे या मतदारसंघाचे निवडणूक निर्णय अधिकारी. निवडणुकीआधी मुद्रकांना बोलावून १२७-क समजावून सांगण्याची बैठक प्रशासन घेतेच. त्या बैठकीच्या सूचनापत्रात लॅमिनेशन टाळावे आणि घरटी एक लिफाफा पाठवावा अशा दोन ओळी घालायला ना संसद लागते ना न्यायालय. सक्ती करता येणार नाही, नियम आयोगालाच करावा लागेल. पण कोणत्या उमेदवाराने त्या दोन ओळी पाळल्या हे सहा जिल्ह्यांतल्या पदवीधराला लिफाफा फाडतानाच कळेल, आणि हा मतदार वर्ग निदान वाचता येणाऱ्यांचा आहे.